दारावरचे दोन नंबर

“चौतीस,” मी म्हणाले. “एकशेवीसपैकी चौतीस. तुम्हाला चाळीसच्या आत पाहिजेत ना? मग काम झालं म्हणायचं.”

समोर बसलेल्या बाईनं रुमाल डोळ्यांना लावला. मला जरा नवल वाटलं. काम झाल्यावर लोक रडत नाहीत, पुढच्या खेपेला पेढे आणतात.

अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी, सोमवार. ही बाई म्हणजे त्रिशला, मजलेवाडीच्या मगदुमांची लेक, पुण्यात दिलेली. तिचा मोठा भाऊ भूपाल. वय एक्केचाळीस, बुद्धी सात-आठ वर्षांच्या मुलाची, असं आमच्या फाइलीत लिहिलेलं. आणि ते लिहिलेलं होतं माझ्याच हातचं.

मी तेव्हा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात अन्वेषक होते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर बालविकास, पहिल्या मजल्यावर अपंगत्व आणि दुसऱ्यावर वार्धक्य. माणूस जन्मतो खाली आणि म्हातारा होतो वर, असं आमचा शिपाई पाहुण्यांना सांगायचा. मी पहिल्या मजल्यावरची. मतिमंद मुलं मोठी होतात, आईबाप थकतात, त्या घरांचं पुढं काय होतं हा आमचा अभ्यास. दोनशे बारा घरं. दर तीन वर्षांनी प्रत्येक घरात जायचं, साठ प्रश्नांचा तक्ता भरायचा. स्वतः करतो त्याला दोन, मदतीनं करतो त्याला एक, करत नाही त्याला शून्य. माझा तक्ता दुरुस्तीला कधी परत आला नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

“मॅडम, मी वाईट नाही हो,” त्रिशला म्हणाली. “आई चौऱ्याहत्तरची झाली. मागच्या महिन्यात ती एस.टी. स्टँडवर सापडली. कंडक्टरला म्हणाली, मला माहेरी सोड. तिचं माहेर उठून चाळीस वर्षं झाली.”

“मग घरी कुणी आणलं?”

“दादानं आणलं म्हणतात शेजारी. पण त्याला काय कळतंय? कुणीतरी सोडलं असणार.” तिनं रुमालाची घडी केली. “आईला मी पुण्याला नेते. पण दोन खोल्यांत सासू, दोन मुलं, आणि वर दादा? त्या आधारगृहात जागा आहे म्हणाले. शुक्रवारपर्यंत तुमचा दाखला दिला तर. नाहीतर पुन्हा दोन वर्षं वाट बघायची. आईशिवाय तो एक दिवस राहणार नाही, मला माहीत आहे. पण आईच नसली तर त्याला पाण्याचा पेला कोण देणार?”

ते आधारगृह दोन जिल्हे पलीकडं होतं. तिथं चाळीसच्या वर गुण असलेल्याला घेत नसत, कारण जागा थोड्या. मी म्हटलं, काळजी करू नका. फक्त दाखल्याला महिन्याच्या आतली पाहणी लागते, तेवढी उद्या करून येते. ती शहरातच मावसबहिणीकडं उतरली होती. गुरुवारी गावी जाऊन भावाचं सामान बांधणार होती.

आता आमचा एक नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तक्ता भरताना माहिती द्यायची ती आईनं किंवा वडिलांनी. आणि ज्याच्याविषयी माहिती, तो माणूस समोर नको. नियम काही वेडेपणाचा नव्हता. लेकराच्या तोंडावर ‘याला कपडे घालता येत नाहीत’ म्हणायला कुठल्या आईची जीभ रेटते? आणि त्या लेकरालाही ते ऐकायची शिक्षा कशाला? तेव्हा मी दारात आले की भूपालला सांगायची, “जा बघू भूपाल, परसात जाऊन बस.” तो मान हलवून जायचा. पाहणीची वेळ सकाळी दहा ते एक. त्याची आई आक्काताई माझ्यापुढं पाटावर बसून फडाफडा उत्तरं द्यायची.

“स्टो पेटवतो का?”

“न्हाई वो बाई. हात भाजून घेईल.”

“स्वयंपाकात काही करतो का?”

“कशाचं करतोय. मीच करती सगळं.”

मग ती आत जाऊन चहा आणायची. गवती चहा घातलेला, झकास. मी घोट घ्यायची आणि शून्य लिहायची.

मंगळवारी सकाळीच निघायचं ठरलं होतं, पण दिल्लीहून अनुदानवाले आले. सगळ्यांनी हजर राहायचा हुकूम. दोन वाजेपर्यंत आम्ही त्यांना तक्ते दाखवत बसलो. माझे तर दोनदा दाखवले. मग तीनची एस.टी. धरली. मजलेवाडीत उतरले तेव्हा पावणेपाच वाजून गेले होते. संध्याकाळी मी त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

दार उघडं होतं. चौकटीवर निळ्या रंगात माझाच नंबर, अ-११७. त्याच्याखाली लाल रंगात आणखी एक, वा-४२. तो मी मागच्या वेळीही पाहिला होता. खेड्यातल्या चौकटीवर जनगणनेचे, फवारणीवाल्यांचे असे दहा नंबर असतात. कोण कशाला बघतंय?

आक्काताई सोप्यात खाटेवर बसली होती. मी नमस्कार केला. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

“कोण, गौराक्का? उशीर केलास की गं.”

“मी खोतबाई, आक्काताई. विद्यापीठातली.”

“बस. अण्णा आल्याशिवाय जाऊ नकोस.”

वर्षापूर्वी हीच बाई मला साठ प्रश्नांची उत्तरं न अडखळता देत होती. मी मधल्या दारातून आत डोकावले. भूपाल पाठमोरा उभा होता. घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधून पाणी गाळत होता, आणि एका हातानं फडक्याचं टोक घट्ट धरलं होतं. जैनाघरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, आणि दिवस बुडाल्यावर जेवत नाहीत. स्टोवर भात रटरटत होता. पाट्यावर खोबरं अर्धं वाटून झालं होतं. त्यानं कळशी खाली ठेवली, झाकण उचलून एक शीत बोटांत दाबून पाहिलं, आणि वळला.

मला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

“आईच करती सगळं,” तो म्हणाला.

हातात भाताचा चमचा होता. तो त्यानं पाठीमागं धरला. आणि मी काही बोलायच्या आत, मागचं दार उघडून तो आपणहून परसात निघून गेला. बाई आली म्हणजे परसात जायचं, हे त्याला मीच तर शिकवलं होतं.

मी तिथंच उभी राहिले. स्टो भडकला होता. मिनिटभरानं दारातून आवाज आला.

“बाई, भात करपंल. उतरून जाऊ का भाईर?”

सरळ सांगते, त्या क्षणी मला जी लाज वाटली तशी उभ्या जन्मात वाटली नाही. मी म्हटलं, “ये बाबा आत. मी काही विचारत नाही. तुझं तू कर.”

त्यानं भात उतरवला, आमटी केली. मधूनमधून तो सोप्याच्या भिंतीकडं बघायचा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन समोरच्या भिंतीवर चढत होतं आणि भिंतीवर कोळशाच्या तीन रेघा होत्या. मधल्या रेघेला ऊन टेकलं तसा तो म्हणाला, “आता वाढाय पायजे. दिवस बुडायच्या आत आईचं झालं पायजे.”

“या रेघा कुणी मारल्या?”

“मीच की. ही थंडीची, ही आताची, ती उन्हाळ्याची.”

माझ्या तक्त्यात अडतिसावा प्रश्न होता, वेळ समजते का? आक्काताई तिन्ही वेळा म्हणाली होती, घड्याळातलं काही कळत नाही. शून्य.

त्यानं आईचे हात धुवून दिले, ताट ठेवलं, घास कालवला. आक्काताई ताटाकडं न बघता त्याच्याकडं बघत होती.

“अण्णा, तुम्ही जेवलासा?”

अण्णा म्हणजे तिचे वडील. ते जाऊन जमाना झाला.

“जेवलो,” भूपाल म्हणाला. “तू जेव.”

ती जेवली. ताट धुवून झाल्यावर, मी न विचारता, तो हळूच म्हणाला, “सकाळी आई मला वळखती. दुपारनंतर न्हाई.”

“कधीपासून रे?”

त्यानं बोटं मोजली. “तीन दिवाळ्या झाल्या.”

“आणि मला का नाही सांगितलंस?”

“आई म्हटली, बाईला सांगू नको. त्या लिवून नेत्यात. बाईनं लिवलं की आईला त्रिशला नेणार. मग आपण कुटं?” तो थांबला. “दुपारच्या सरांना सांगितलं मी. ते माझं काय लिवत न्हाईत, आईचं लिवत्यात.”

“कुठले सर?”

“दंडाला पट्टा बांधत्यात. फुस फुस करत्यात. त्यांनीच लाल नंबर घातलाय.”

दंडाला पट्टा म्हणजे रक्तदाब. वा म्हणजे वार्धक्य. माझ्या डोक्याच्या वरचा मजला.

बुधवारी सकाळी केंद्रात शिरले ती पहिल्या मजल्यावर न थांबता तडक दुसऱ्यावर गेले. तिथले अन्वेषक लोहार. भला माणूस, तीन वर्षं आम्ही एकाच टपरीवर चहा पीत होतो. एकमेकांच्या फाइली बघायच्या नाहीत असा दंडक होता, शिवाय फाइलीवर नावं नसायची, नुसते नंबर. म्हणून आमच्या गप्पा चालायच्या त्या साहेबांच्या, बदल्यांच्या, पोरांच्या परीक्षांच्या.

“लोहार, बेचाळीस नंबर काढा.”

“नियमात बसत नाही, बाई.”

“माझा तर नियमच बसलाय खाली. काढा म्हणते ना.”

त्यांनी काढली. आक्काताईंचं वजन, डोळे, रक्तदाब, आठवणीचे गुण तीन वर्षांत कसे घसरत गेले त्याचा आलेख. आणि शेवटच्या पानावर, लोहारांच्या सुबक अक्षरात: ‘काळजी घेणारी व्यक्ती: मुलगा. स्वयंपाक, आंघोळ, औषधं, बाहेर नेणं-आणणं: मुलगा. काळजीचा दर्जा: उत्तम.’

“हा मुलगा कसा वाटला तुम्हाला?” मी विचारलं.

“चांगला आहे की. बोलतो कमी. गोळ्यांच्या पाकिटावर त्यानं सूर्याची चित्रं काढून ठेवलीत, उगवता एक, बुडता एक, म्हणजे चुकायला नको. मी म्हटलं, असा मुलगा सगळ्यांना मिळो.” लोहारांनी चष्मा काढला. “का हो?”

मी माझी फाइल त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मग स्वतःच्या फाइलीतलं शेवटचं पान पुन्हा काढलं.

“मला वाटलं लाजाळू आहे,” ते म्हणाले.

माझ्या फाइलीत आई मुलाला सांभाळत होती आणि त्यांच्या फाइलीत मुलगा आईला. दोन्ही फाइली एकाच जिन्याच्या वर-खाली, आणि आम्ही दोघं दुपारी चारला टपरीवर.

दोन्ही फाइली घेऊन मी रेगेसरांकडं गेले. ते आमचे संचालक. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“एक घर चुकलं, खोतबाई. एका घराची दुरुस्ती करू.”

“सर, मी दोनशे बारा घरांत दोनशे बारा माणसांना परसात पाठवलंय.”

त्यांनी माझी फाइल पुन्हा उघडून सूचनांचं पान काढलं. मग म्हणाले, “नियम माझा होता.”

“पण सही माझी होती.”

“आणि आता दाखल्याचं काय? आईच्या आठवणीचा भरवसा नाही, म्हणजे तिची माहिती ग्राह्य नाही. नियमाप्रमाणं दुसरं जवळचं माणूस. बहीण.”

“ती वर्षातून दोनदा येते, तेही सकाळच्या गाडीनं.”

“मग कोण राहिलं?”

“तो स्वतः.”

“तसं नियमात नाही.”

“माहीत आहे मला. विचारून बघते.”

सरांनी फाइली मिटल्या. “शुक्रवारी सकाळी तक्ता टेबलावर पाहिजे. काय लिहाल त्याच्यावर एका माणसाचं सगळं ठरणार आहे, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.”

खरंच सांगायला नको होतं. रात्रभर मला तेच दिसत होतं. चौतीस लिहिले तर भूपाल शुक्रवारी परक्या जिल्ह्यात, एका लांबलचक खोलीत, वीस खाटांपैकी एका खाटेवर. आणि आई पुण्यात, अण्णांची वाट बघत.

गुरुवारी मी मुद्दामच त्रिशलाला म्हटलं, सकाळी नको, दुपारच्या गाडीनं जाऊ. तिनं नवी ट्रंक घेतली होती, भावासाठी. गाडीत ती ट्रंक आमच्या दोघींच्या पायांत होती. मी तिला मंगळवारचं सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि मान हलवली.

“मॅडम, तुम्ही त्याला एक संध्याकाळ पाहिलंत. मी एक्केचाळीस... म्हणजे मला कळायला लागल्यापासून बघतेय. शेजारच्या काकू करून देत असतील सगळं. तुमच्यासमोर जरा नीट वागला असेल.”

तिचं चुकलं असंही म्हणवत नव्हतं. मी सात वर्षं त्या घराची जाणकार म्हणून पगार घेत होते आणि मला तरी काय दिसलं होतं?

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. ट्रंक बघताच भूपाल भिंतीला टेकून उभा राहिला. आक्काताईनं लेकीकडं पाहिलं आणि विचारलं, “या कोण बाई?” त्रिशला मटकन खाटेवर बसली. सकाळी येणाऱ्या लेकीला आईनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

मी सतरंजी टाकली. भूपालला म्हटलं, “आज परसात नाही जायचं. इथं माझ्यासमोर बस. आज मी तुलाच विचारणार.”

तो बसला. मांडीवर हात ठेवून, शाळेतल्यासारखा.

“आंघोळ कोण घालतं?”

“आईच घालती.”

“कपडे?”

“आईच.”

“भूपाल, खरं सांग. परवा मी पाहिलंय.”

“आईच करती सगळं.”

मी विचारत गेले आणि तो तेच सांगत गेला. भात? आई. पाणी? आई. स्टो? आई. दुकानातून सामान? आई. आई खाटेवर बसून पदराचं टोक गुंडाळत, सोडत होती. तिला आपलं नाव ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. तिसाव्या प्रश्नापर्यंत तक्त्यावर शून्याशिवाय काही नव्हतं. आईला दिलेला शब्द मोडायचा नाही एवढंच त्याला ठाऊक, आणि हाच शब्द पाळून तो स्वतःच स्वतःला त्या ट्रंकेत भरत होता. मला ते समजत होतं, त्याला नव्हतं, आणि कसं समजावावं ते सुचत नव्हतं. चिडून मी म्हटलंही, “अरे, तुझ्या भल्यासाठी विचारतेय ना मी.” तो खाली मान घालून म्हणाला, “व्हय. आईच करती.”

त्रिशलानं माझ्याकडं पाहिलं. ‘बघा, मी सांगत होते’ असं त्या पाहण्यात होतं, पण आनंद नव्हता.

एकतिसावा प्रश्न मी वाचायला घेतला आणि भूपाल उठला.

“बस रे, झालं नाही अजून.”

“ऊन आलं,” तो म्हणाला.

भिंतीवर ऊन मधल्या रेघेच्या वीतभर खाली होतं. तो आत गेला. स्टोला पंप मारल्याचा आवाज आला, मग काडी ओढल्याचा. त्रिशला धडपडून उठली, “दादा, भाजेल,” म्हणत मधल्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. मी मागून जाऊन उभी राहिले. तो निवडलेले तांदूळ काढत होता, फडकं बांधत होता, पाणी गाळत होता. गाळून झाल्यावर फडकं उलटं करून निथळलं, पिळलं, वळणीवर टाकलं. आमच्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. त्याची परीक्षा चालू होती हेही तो विसरला असावा. त्याच्या आईचं जेवण दिवस बुडायच्या आत व्हायला हवं होतं आणि त्याला उशीर झाला होता.

मधल्या रेघेला ऊन लागलं तेव्हा त्यानं तीन ताटं घेतली.

“आई, ही आपली त्रिशला,” तो आईला म्हणाला. “पुण्यास्नं आलीया. दमलीया.”

“अण्णा, तिला आधी वाढा,” आक्काताई म्हणाली.

“वाढतो. तू बस.”

मग बहिणीकडं वळून म्हणाला, “बस की. दिवस जाईल, मग मिळणार न्हाई.”

त्रिशला बसली. पुण्यात हे दिवस बुडायच्या आत जेवणं कधीच सुटलं होतं तिचं, नंतर तिनंच सांगितलं मला. त्या दिवशी ती ताटावर बसली आणि भूपालनं आईला घास भरवावा तसा एक घास तिच्यासमोर धरला, कारण ती रडत होती आणि जेवत नव्हती. तो घास तिनं घेतला. मलाही त्यानं वाढलं. तक्ता बाजूला ठेवून मी जेवले. आमटीत मीठ बेताचं होतं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. दाखला गेला नाही. ट्रंकेत त्रिशलानं आईची जुनी लुगडी भरून ठेवली. ती महिन्यातून एकदा यायला लागली, संध्याकाळच्या गाडीनं. आक्काताई आणखी चार वर्षं जगली, त्याच घरात, त्याच्याच हातचं जेवून. ती गेल्यावर तो पुण्याला बहिणीकडं गेला आणि अजून तिथंच आहे, सासूच्या गोळ्या तोच बघायचा म्हणे. रेगेसरांनी नियम बदलला. मी दोनशे बारा घरं पुन्हा केली, संध्याकाळी जाऊन. अडीच वर्षं लागली आणि परिषदांत दाखवलेले माझे ते आलेख कपाटात गेले. भूपालसारखी आणखी अकरा घरं निघाली. उरलेल्या घरांत आईबापांनी खरंच सांगितलं होतं, हेही लिहून ठेवते, नाहीतर कुणाला वाटेल सगळेच खोटं बोलत होते.

पण त्या गुरुवारी एवढं काही माहीत नव्हतं. ताटं धुवून भूपालनं हात पुसले आणि ट्रंकेकडं पाहिलं.

“आईला नेणार?” त्यानं बहिणीला विचारलं.

“नाही,” त्रिशला म्हणाली. “तुलाही नाही.”

“बाईनं लिवलं तरी?”

“मॅडमना काहीही लिहू दे.”

त्यानं आईकडं पाहिलं. ती खाटेवर आडवी झाली होती, डोळे मिटून. तो तिच्याजवळ गेला, पांघरूण सारखं केलं, आणि तिच्या कानाशी म्हणाला, “आई, आता सांगतो हां बाईला.” ती हुं म्हणाली. मग तो येऊन सतरंजीवर माझ्यासमोर बसला.

“पयल्यापास्नं विचारा.”

मी कोरा तक्ता काढला. आंघोळ? मी करतोय, आईलाबी घालतोय. कपडे? धुतोय. वाळत टाकतोय. बटणं? खालची दोन लागत न्हाईत मला, आई लावती, सकाळी. तिथं मी एक लिहिला. खोटं त्याला एवढंसुद्धा जमत नव्हतं. हिशेब येत नाही म्हणाला, शून्य. नाव लिहिता येत नाही, शून्य.

“स्टो पेटवून चहा करतो का?”

“करतोय. तुमचाबी मीच केलता. पयल्या वेळी आईनं केला. मग दोन्ही येळंला मी.”

“पण तुला तर मी परसात पाठवलं होतं.”

“गवती चहा परसातच हाय न्हवं. तुमाला आवडतोय म्हणून तोडून ठेवायचो.”

त्रिशलानं दिवा लावला.

अडतिसाव्या प्रश्नाशी आलो तेव्हा बाहेर अंधारलं होतं.

“वेळ समजते का?” मी विचारलं.

तो भिंतीकडं वळला. रेघा दिसत होत्या, पण ऊन नव्हतं. त्यानं नीट विचार केला.

“आता न्हाई समजत,” तो म्हणाला. “दिवस असला की समजती.”

तक्त्यातल्या सूचनेत लिहिलं होतं, घड्याळ वाचता आलं तरच दोन. मी दोन लिहिले.